चाचणीची किल्ली

इन्स्पेक्टर बाईंनी प्लास्टिकची पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि आत्याने चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. पण पिशवीत पितळेची एक किल्ली होती आणि ती आत्याला चष्म्याशिवायही ओळखता येत होती, हीच तर पंचाईत होती.

"ग्रंथपाल बाई परवा संध्याकाळी वाचनालय बंद करून घरी गेल्या," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "काल कामावर आल्या नाहीत. आज सकाळी आम्ही घर उघडलं. कुलूप शाबूत, खिडक्या बंद, ओट्यावर भाजी अर्धी चिरलेली. आणि नुसत्या लोटून घेतलेल्या दाराला आतून ही लावलेली."

असं दाराला आतून लावलेल्या किल्लीचा अर्थ या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी पाच घरांत अशीच किल्ली सापडली होती. पाचही वेळा कुलूप तुटलं नव्हतं, पाचही वेळा माणूस नाहीसं झालं होतं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेलेलं सापडलं होतं. ते करणारा या घरचा मोठा मुलगा होता. आता तो जन्मभरासाठी तुरुंगात होता आणि घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला नुसतं 'तो' म्हणत. त्याच्या आईनेही तेच चालवून घेतलं होतं.

आणि त्याला पकडून देणारी मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. त्याचीच मुलगी. तेव्हा चौदा वर्षांची होती, आता सतराची. आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, ती पाच वर्षांची असताना कुलपात शिरणारी तिची बोटं बघून तिला 'मुंगी' म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं.

"मला वरून हुकूम आहे," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, "बारा वाजता मुलीला ठाण्यात हजर करायचं. गेलं वर्षभर ती रोज संध्याकाळी वाचनालयात असायची. ग्रंथपाल बाईंना शेवटची भेटली ती हीच. कुलपं उघडता येतात. बाप कोण ते सगळ्यांना माहीत आहे. वरच्यांना एवढं पुरे आहे."

"आणि तुम्हाला?" वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे मुंगीची आई.

"मला पुरं असतं तर मी साडेदहाला एकटी आले नसते. बाराला चार जणांना घेऊन आले असते." बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "हा दीड तास माझा आहे. आज तिसरा दिवस आहे. ती बाई अजून जिवंत असणार. ही किल्ली कुठून आली ते मला कुणीतरी सांगा."

आत्या ही 'त्या'ची बहीण, मुंगीची सख्खी आत्या. सगळं शहर तिला आत्याच म्हणे. गल्लीतली पोरं, गिऱ्हाईकं, एवढंच काय, भावजयही. बारा वर्षांची असल्यापासून ती आबांच्या हाताखाली कुलपं करत आली होती आणि 'तो' पकडला गेल्यावर दुकान तिनेच उभं ठेवलं होतं. लोक थुंकले, काच फोडली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शटर वर. मान ताठ ठेवून जगायचं असतं हे तिनेच मुंगीला शिकवलं होतं. आणि आता ती मान खाली घालून स्वच्छ चष्मा पुसत होती.

"एक मिनिट," धाकटा म्हणाला. हा आत्याचा धाकटा भाऊ, मुंगीचा काका. त्याला संकटात एकच गोष्ट सुचे, ती म्हणजे दार लावून घेणं. "वकील आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मागच्या वेळी आपण फार बोललो."

"मागच्या वेळी बोलले म्हणून तो सापडला, काका," मुंगी म्हणाली. मग इन्स्पेक्टर बाईंना म्हणाली, "हात लावू?"

"पिशवीसकट."

मुंगी पिशवी घेऊन खिडकीपाशी गेली. उजेडात तिने किल्ली एकदा उभी धरली, एकदा आडवी, मग प्लास्टिकवरून अंगठ्याने दात चाचपले. आबा नेमके असेच करायचे, घाई नाही, दिखावा नाही. बाहेर जग आपल्याला अडकवायला टपलेलं असताना ही पोर एखाद्या गिऱ्हाइकाची किल्ली बघावी तशी ती किल्ली बघत होती. आत्याला तिचं इतकं कौतुक वाटलं की क्षणभर स्वतःची भीतीही विसरायला झालं.

"आबांच्या हातची आहे," मुंगी म्हणाली.

"आबांना जाऊन नऊ वर्षं झाली," धाकटा म्हणाला.

"म्हणून तर सांगतेय. ही नवीन कापलेली नाही. मानेपाशी गोल झालीय बघा. आबांचा अंगठा मोडलेला होता, त्यांची कानस तिथे दर वेळी घसरायची. ही चाचणीची किल्ली आहे."

इन्स्पेक्टर बाईंना चाचणीची किल्ली काय ते मागच्या खटल्यात पाठ झालं होतं. आबांच्या दुकानात प्रत्येक नव्या कुलपाला आधी एक ओबडधोबड किल्ली कापली जाई, कुलूप नीट चालतंय का ते बघायला. मग दोन सुबक किल्ल्या गिऱ्हाइकाला. आणि नियम असा, की चाचणीच्या किल्लीचे दात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर कानशीने घासून सपाट करायचे. आबांनी तो नियम तरुणपणी पाळला, म्हातारपणी मोडला. आपलं काम परत बघायला म्हणून ते त्या किल्ल्या तारेत ओवून ठेवायला लागले. शहरातल्या निम्म्या दारांच्या किल्ल्या तारेवर लटकत होत्या आणि मोठ्या मुलाने त्या नुसत्या उचलल्या.

"पण त्या सगळ्या तर वितळवल्या," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर. मागच्या अंगणात."

मुंगीने किल्लीच्या कडेवरून अंगठा पुन्हा एकदा फिरवला. तिची नजर वर आली आणि थेट आत्यावर थांबली. रागाची नव्हती, विचारणारीही नव्हती. नुसती थांबली. मग तिने पिशवी टेबलावर ठेवली.

"मी चहा टाकते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

तिला कळलं, आत्या मनात म्हणाली. पोरीला सगळं कळलं.

इकडे टेबलाशी भडका उडाला.

"पितळ वितळवायची मूस तुमच्या हातात होती, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तारा किती होत्या?"

"तीन. का? तुम्ही कुठे होतात तेव्हा? खोलीचं दार लावून बसला होतात."

"खिडकीतून बघत होते. दोन तारा गेल्या भट्टीत. मी मोजल्या."

"म्हणजे मी एक ठेवली? मी? या पितळेने आपलं काय केलं ते मला माहीत नाही?"

"ठेवली असशील," कोपऱ्यात बसलेली मुंगीची आजी मध्येच म्हणाली, आणि सगळे तिच्याकडे वळले. तीन वर्षं आजी धाकट्याची बाजू घेत आली होती. सून म्हणजे परक्याची, आणि मुलगा तो मुलगा, हा तिचा साधा हिशेब. "तुला कधी काही टाकवलंय का? लहानपणी तुटक्या पाट्यासुद्धा जपून ठेवायचास. खरं सांग रे. दिल्यास का कुणाला?"

"आई!" धाकट्याचा आवाजच फुटला. "तूसुद्धा?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशीचा माणूस, टक्कल पडलेला, आईने शंका घेतली म्हणून रडवेला झाला होता. त्याने खरोखर काही केलं नव्हतं. त्या दिवशी त्याच्या हातात ताईने, म्हणजे आत्याने, दोन तारा दिल्या, त्याने दोन वितळवल्या, आणि तीन दिल्या असं ताई म्हणाली म्हणून तोही तीन म्हणत आला. ताईवर शंका घ्यायची असते हे त्याच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

तिसरी तार आत्याने ठेवली होती. सगळ्यात जुनी. त्या तारेतल्या किल्ल्या आबांनी कापल्या होत्या आणि कडा तिने घासल्या होत्या, बारा-तेरा वर्षांची असताना, आबांच्या शेजारी स्टुलावर बसून. वडिलांचा आणि तिचा हात एकाच पितळेवर होता तो तेवढाच काळ. आणि त्याच हाताखाली वाढलेल्या एका मुलाने काय केलं ते ऐकून ऐकून बधिर झालेल्या आत्याला त्या दिवशी वाटलं, आमच्या घरात एवढं तरी चांगलं होतं, ते मी वितळवणार नाही. जुनी दारं आता कुठे राहिली असतील, असं तिने स्वतःला समजावलं. तार बिस्किटांच्या डब्यात घातली, डबा आबांच्या जुन्या कारखान्याच्या माळ्यावर ठेवला. ग्रंथपाल बाई आपल्या आजीच्या घरात राहतात आणि त्या घराचं दार अजून आबांच्याच कुलपाने बंद होतं, हे तिला आज कळत होतं.

बोललं तर दुकान गेलं. परवाना गेला. लोक म्हणतील, बघा, सगळं घरच तसं. आणि मुंगी? जिला आपण मान ताठ ठेवायला शिकवली, ती काय म्हणेल? न बोललं तर... आतल्या खोलीतून भांड्याचा आवाज आला, चहा उकळायला लागला होता. न बोललं तर संध्याकाळी एक बाई मरेल आणि त्या पोरीवर आळ येईल. एवढा साधा विचार करायला आपल्याला इतका वेळ लागला याची आत्याला मनापासून लाज वाटली.

तिने चष्मा घातला.

"त्याला सोडा," ती म्हणाली. "तिसरी तार माझ्याकडे होती. मी ठेवली. आबांची आठवण म्हणून."

धाकटा बघतच राहिला. "ताई, तू?"

"हो, मी. जुन्या कारखान्याच्या माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात. मीच मूर्ख."

आता वहिनी तुटून पडणार, असं आत्याला वाटलं. गेली तीन वर्षं दोघींचं धड एक वाक्य झालं नव्हतं. पण वहिनींनी आपली खुर्ची सरकवली आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या. "मी त्याचे कपडे अजून टाकलेले नाहीत, आत्या," त्या हळूच म्हणाल्या. "त्या मूर्खपणाबद्दल मला कुणी विचारलं नाही, इतकंच."

इन्स्पेक्टर बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "कारखान्यात आता कोण आहे?"

"फ्रेमवाला," धाकटा म्हणाला. "दोन वर्षं झाली भाड्याने देऊन. फोटोंच्या चौकटी करतो. अहो, तो फार सज्जन माणूस आहे, वाचनालयातल्या सगळ्या तसबिरी त्यानेच..."

तो बोलता बोलता थांबला. सज्जन माणूस हे शब्द या घराने आपल्या मोठ्या मुलाबद्दलही पुष्कळ ऐकले होते.

मुंगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "तो खटल्याला रोज यायचा," ती म्हणाली. "शेवटच्या बाकावर बसायचा. मला वाटायचं माझ्या तोंडाकडे बघतोय. तो माझ्या हातांकडे बघायचा."

तिने ट्रे खाली ठेवला आणि चपला घातल्या. चहा कुणीच प्यायलं नाही.

"ती येणार नाही," धाकटा म्हणाला.

"ती येणार," वहिनी म्हणाल्या. "आणि आत्याही. हत्यारांची पिशवी घ्या, आत्या."

मुलीला तीन वर्षं डोळ्यांआड होऊ न देणारी ही बाई आज स्वतःच तिला पाठवत होती. आजीने धाकट्याचा हात धरला, आणि त्यानेही तो धरू दिला.

गाडीत आत्या आणि मुंगी मागे बसल्या. पुढे इन्स्पेक्टर बाई वायरलेसवर माणसं मागवत होत्या.

"तुला कळलं होतं," आत्या म्हणाली.

"कडा डाव्या हाताने घासलेल्या आहेत. घरात डावखुरी तू एकटी."

"मग बोलली का नाहीस?"

"चहा उकळेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. नंतर मीच सांगितलं असतं." मुंगी खिडकीबाहेर बघत होती. "मी बाबांबद्दल बोलले तेव्हा मला कुणी ढकललं नव्हतं. माझं मी बोलले, म्हणून पुढे झोप तरी लागली. तुलाही तुझं तू बोलायला मिळावं असं वाटलं."

आयुष्यभर आपण हिला सांभाळतोय असा आत्याचा समज होता. खरं तर कोण कोणाला सांभाळत होतं ते आज एका चहाच्या आधणात स्पष्ट झालं होतं.

"आणि आत्या," मुंगी म्हणाली, "ग्रंथपाल बाईंनी मला वाचनालयाचं कार्ड दिलं होतं. खटला चालू असताना. सगळ्यांनी दारं लावली, तेव्हा त्यांनी विचारलं, तुला गोष्टीची पुस्तकं हवीत का अभ्यासाची? बाकी काही विचारलं नाही. मला त्या हव्या आहेत."

कारखान्यासमोर पोलीस आधीच पोचले होते. फ्रेमवाला पळालाही नव्हता. बेड्या घालून त्याला कामाच्या टेबलाशी उभं केलं होतं. चाळिशीचा, नीटनेटका, खिशाला पेन. भिंतीवर रिकाम्या चौकटी ओळीने टांगलेल्या. टेबलावर बिस्किटांचा डबा, उघडा, रिकामा.

आणि मागच्या भिंतीत आबांची लोखंडी खोली. गिऱ्हाइकांची मौल्यवान कुलपं ठेवायला आबांनी ती बांधून घेतली होती. बोटभर जाड दार, खिडकी नाही, झरोका नाही. शिपायाने दारावर थाप मारली तेव्हा आतून उत्तर आलं. दोन थापा, फार हळू.

"जिवंत आहेत!" इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "किल्ली कुठे आहे?"

"सगळ्या नदीत," फ्रेमवाला म्हणाला. आवाज मऊ होता. "दार सकाळी सातला लावलंय. आतली हवा किती वेळ पुरते ते तुम्ही काढा. कापायचं यंत्र यायला तास लागेल, कापायला अजून एक. मग कशाला? ती आली आहे ना." तो मुंगीकडे बघून हसला. "उघड की. तुझ्या बाबांनी तुला शिकवलंय, मला ठाऊक आहे. दोन तारा आणि अर्धं मिनिट. मी फक्त तुझे हात बघायला थांबलोय."

मुंगी दारापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. मग मान वळवून म्हणाली, "ह्याला भिंतीकडे तोंड करून उभा करा."

"काय?"

"पाठमोरा. माझे हात ह्याने बघायचे नाहीत."

शिपायाने त्याला खांद्याला धरून फिरवलं. तो पहिल्यांदाच धडपडला, "नाही, अरे, नाही," असं काहीतरी म्हणाला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं सगळ्यांना दिसलं. बेड्या घातल्याने जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. पोरगी आहे की कोण आहे, असे भाव इन्स्पेक्टर बाईंच्या तोंडावर होते.

मुंगीने पिशवीतून दोन तारा काढल्या. त्या कुलपाच्या तोंडाशी नेल्या. आणि आत्याला एकदम आठवलं.

"थांब!" ती ओरडली. "तारा घालू नकोस. हे सात लिव्हरचं आहे. त्यातला एक खोटा आहे, आबांनी चोरासाठी बसवलेला. तारेने तो जरा जरी जास्त उचलला गेला की कुलूप जाम होतं. मग किल्लीनेही उघडत नाही. 'त्या'लासुद्धा हे कधी उघडता आलं नाही."

मुंगीचे हात हवेतच थांबले. पाठमोऱ्या फ्रेमवाल्याने एक हुंकार दिला. दोन वर्षं त्या कुलपाशेजारी काढून त्याला हे माहीत झालं होतं. त्याला मुंगीच्याच हातांनी ते कुलूप जाम व्हायला हवं होतं, ग्रंथपाल बाईंचा जीव तिच्या हातून जायला हवा होता.

मुंगीने तारा खाली ठेवल्या. एक खोल श्वास घेतला. "ठीक आहे. ह्याची चाचणीची किल्ली कोणी घासली होती?"

"मीच. तेरा वर्षांची होते."

"मग दात आठव. मी कापते."

"मुंगे, त्याला चाळीस वर्षं झाली!"

"तुला गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत, दात आठवतात. रोजचंच आहे ते. डोळे मिट."

आत्याने डोळे मिटले. मुंगीने पिशवीतून कोरी किल्ली काढून पकडीत धरली आणि पकड गुडघ्यात दाबली. आत्या बोटं हवेत धरून प्रत्येक दात किती खोल ते सांगायला लागली. पहिला अर्धा. दुसरा पूर्ण. तिसरा केसभर. कानस किल्लीवर चालायला लागली, लांब, सरळ, एकसारखी. पोलीस कडेने उभे होते. पितळेची भुकटी मुंगीच्या मांडीवर पडत होती. चौथा पाऊण. पाचवा पूर्ण. सहावा अर्धा. सातवा केसभर. मध्ये एकदा शिपायाने दारावर थाप मारली, या वेळी आतून एकच थाप आली, आणि मुंगीची कानस तरीही घाईला आली नाही. आत्याने आयुष्यात पुष्कळ कारागीर पाहिले होते, पण असा हात पाहिला नव्हता.

किल्ली कुलपात गेली. मुंगीने ती फिरवायला घेतली आणि लगेच थांबली.

"अडतंय. चौथ्यावर. जोर लावला तर जाम होईल."

"पाऊणच होता चौथा! आबांनी कागदावर पाऊणच..." आणि आत्या स्वतःच गप्प झाली.

कागदावर पाऊण होता. पण तेरा वर्षांच्या मुलीने त्या दिवशी चौथा दात जास्त घासला होता, पार खोलवर. किल्ली फुकट गेली म्हणून ती रडायला लागली होती. आबांनी किल्ली हातात घेतली, बघितली, आणि कुलूप उघडून आतला लिव्हरच बदलला. म्हणाले, राहू दे, कुलूप तुझ्यासारखं करून टाकतो. मग गिऱ्हाइकाच्या कामाचं म्हणून केलेलं ते कुलूप त्यांनी कुणाला विकलंच नाही, आपल्या खोलीला लावलं.

"पूर्ण कर," आत्या म्हणाली. "चौथा पूर्ण खोल कर. माझी चूक आहे ती. आबांनी ठेवली होती."

मुंगीने किल्ली काढली. सहा वेळा कानस फिरवली, कडेवरून अंगठा फिरवला, किल्ली परत आत घातली. या वेळी थांबली नाही. आत सातही लिव्हर एकामागोमाग उचलले गेल्याचा आवाज आत्याला झोपेतही ओळखता आला असता.

दार उघडलं.

ग्रंथपाल बाई दाराशीच भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा, ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. बाहेरची हवा लागताच त्यांना खोकला आला आणि त्या खोकतच राहिल्या. इतका गोड खोकला आत्याने कधी ऐकला नव्हता. मुंगी तिथेच त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. इन्स्पेक्टर बाईंनी पाठमोऱ्या फ्रेमवाल्याला तसंच, भिंतीकडे बघतच, बाहेर नेलं. त्याला काहीही बघायला मिळालं नाही.

रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवर घालताना ग्रंथपाल बाईंनी मुंगीचा हात धरला.

"तूच असणार हे मला माहीत होतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "बाहेर कानस ऐकू येत होती."

"एक मिनिट थांबाल?" मुंगीने रुग्णवाहिकेच्या माणसांना विचारलं.

तिने कुलपातून किल्ली काढली. ती पकडीत धरली, आणि पकड आत्याच्या हातात दिली. मग कानसही दिली.

आत्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती स्ट्रेचरशेजारी उभी राहिली, बाईंना नीट दिसेल अशी किल्ली धरली, आणि डाव्या हाताने कानस चालवायला लागली. पहिला दात गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. चौथ्यापाशी तिचा हात अडखळला. त्या दाताखाली आबा होते, ती तेरा वर्षांची होती, आणि दोघांचा हात एकाच पितळेवर होता. मुंगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

आत्याने चौथा दात घासून टाकला. मग उरलेले तीन. सपाट झालेली पट्टी तिने फुंकर मारून साफ केली आणि ग्रंथपाल बाईंच्या तळहातावर ठेवली.

"बघून घ्या," ती म्हणाली. "आता हिने काहीच उघडत नाही."